लेखनिक कुठून आणायचा?

कापसाची वेचणी आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षा, दोन्ही आमच्या हिमायतनगरात अंगाला अंग लावूनच येतात. गल्लीतल्या बी.ए.च्या पोराला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून सध्या त्याच्यासाठी लेखनिक शोधतोय.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा शिक्षणाने खालच्या पायरीवरचा हवा. म्हणजे शोध बारावीच्या आसपास, आणि ती पोरं दिवसभर रानात. कॉपीची धास्ती मला कळते. पण पुण्यात फोन फिरवला की माणूस मिळतो, तालुक्याच्या गावी तसं नसतं, हे नियम करणाऱ्यांना कोण सांगणार?

दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्याने शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखल्या, बरं झालं. परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण तास. काल त्याच्यासमोर सराव म्हणून मीच लिहायला बसलो. "काका, नवा परिच्छेद. 'राज्यसंस्था' जोडून लिहा. आता मागचं वाक्य वाचून दाखवा." पोरगं मास्तरासारखं! मोबाइलवर धडे तो अशा वेगाने ऐकतो की मला अक्षर कळत नाही. थकली ती माझी बोटं.

महाविद्यालयांनी जुलैतच इच्छुक लेखनिकांची यादी करून ठेवावी, त्याला पैसाही लागत नाही. उद्या शेजारच्या पोरीला विचारायचंय. तिच्या आईने मात्र आधीच बजावलंय, "वेचणी उरकल्याबगर नाही हं, भाऊ."