शनिवारचा बाजार आणि आयझॅक

मुलांनो, न्यूटन म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? सफरचंद! माझ्या चौथीच्या वर्गातही सगळे एका सुरात हेच ओरडतात. मला मात्र आठवतो एक आठवडे बाजार.

इंग्लंडात लिंकनशायर नावाचा परगणा आहे. तिथं विदम नदीकाठी ग्रँथम हे बाजाराचं गाव वसलंय. लंडनहून उत्तरेला एडिंबरोकडे जाणारा जुना हमरस्ता याच गावातून जायचा. त्यामुळे घोडागाड्या, वाटसरू, सराया यांची इथं कायम वर्दळ. १४६३ साली राजा चौथा एडवर्ड याने गावाला सनद दिली. इथल्या सेंट वुल्फ्रम चर्चचा सुमारे ८६ मीटर उंच मनोरा दुरूनच दिसतो. त्याच चर्चमध्ये १५९८ साली एक वाचनालय सुरू झालं. गंमत म्हणजे तिथली पुस्तकं चक्क साखळ्यांनी बांधलेली! तेव्हा पुस्तक इतकं मोलाचं, की कुणी उचलून नेऊ नये म्हणून ही तजवीज.

या गावापासून साधारण ११ किलोमीटरवर वूल्सथॉर्प या खेड्यात १६४२ साली आयझॅक न्यूटन जन्मला. वडील त्याच्या जन्माआधीच वारलेले. बाराव्या वर्षी तो ग्रँथमच्या शाळेत आला आणि क्लार्क नावाच्या औषधविक्रेत्याकडे राहू लागला. पुढे सोळा-सतरा वर्षांचा झाल्यावर आईने त्याला शाळेतून काढलं नि शेतीला लावलं. शनिवारी गड्याबरोबर ग्रँथमच्या बाजारात धान्य विकायला जायचं, हे त्याचं काम. आणि आयझॅक काय करायचा? बाजार गड्यावर सोपवायचा आणि क्लार्कच्या माळ्यावर पुस्तकात डोकं खुपसून बसायचा!

शेवटी मुख्याध्यापक स्टोक्स आणि आयझॅकचे मामा यांनी आईला गळ घातली, ‘मुलाला परत शाळेत पाठवा.’ बाहेरगावच्या मुलांना पडणारी चाळीस शिलिंग फी माफ करायलाही स्टोक्स गुरुजी तयार झाले. आई राजी झाली. १६६१ साली आयझॅक केंब्रिजला गेला. पुढचं तुम्हांला ठाऊकच आहे. १८५८ साली ग्रँथमने त्याचा पुतळा उभारला.

आता ही गोष्ट मी का सांगतेय? आमच्या गावचा बाजार बुधवारी. त्या दिवशी माझ्या वर्गातली चार-पाच मुलं हमखास गैरहजर. कुणी भाजीच्या पाटीपाशी, कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी. आईबाप हौसेनं शाळा बुडवत नाहीत, कामाला हात कमी पडतात, हे मला कळतं. वूल्सथॉर्पच्या त्या आईलाही शेत सांभाळायचंच होतं. आणि बाजार काही वाईट नाही बरं का! हिशेब, बोलणं-चालणं, माणसं ओळखणं तिथं फुकटात शिकायला मिळतं. पण ते शाळा सुटल्यावर.

पालकांनो, प्रत्येक मूल न्यूटन होईल असं नाही. पण आपला विद्यार्थी पुढे कोण होणार, हे स्टोक्स गुरुजींना तरी कुठं माहीत होतं? शिकायची ओढ असलेलं एक पोर त्यांना दिसलं, एवढंच. म्हणून सांगते, येत्या बाजाराच्या दिवशी पाटी तुम्ही उचला आणि पोराच्या पाठीवर दप्तर द्या. मी हजेरी घ्यायला बसलेलीच आहे.