१७७२ पूर्वीची सरहद्द

इंदिरानगरच्या आमच्या वाचनमंडळात गेल्या पावसाळ्यात दस्तयेवस्कीची ‘ब्रदर्स करमाझोव्ह’ चालू होती. मोक्रोयेच्या खानावळीतला प्रसंग आला. थोरला करमाझोव्ह द्मित्री ज्या ग्रुशेंकावर भाळलेला असतो, तिचा जुना पोलिश प्रियकर आणि त्याचा सोबती मानापानाच्या मोठ्या गोष्टी करतात आणि पत्त्यांतली त्यांची लबाडी उघडी पडते. सगळे हसले. नोकरीनिमित्त इथं राहणाऱ्या एक पोलिश बाई मात्र म्हणाल्या, “त्याआधीचा पेला बघा.”

आम्ही मागे जाऊन वाचलं. द्मित्री रशियाच्या नावानं पेला उचलायला लावतो, तेव्हा ते पितात १७७२ पूर्वीच्या सरहद्दीतल्या रशियाच्या नावानं. द्मित्री त्यांना मूर्ख ठरवतो. १७७२ म्हणजे पोलंडची पहिली फाळणी. १७९५ ते १९१८ तर हा देश नकाशावरच नव्हता. त्या अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात धीट वाटली ती हीच कृती, आणि लेखकानं तिचंच हसं केलं. कादंबरी छापून होत असतानाच, जून १८८० मध्ये, मॉस्कोत पुश्किनवर बोलताना तो सांगत होता, की परक्या लोकांचा आत्मा आपलासा करणं हा रशियन माणसाचा विशेष. ही समज पोलिश शेजाऱ्याच्या दारात अडली.

या लेखकावर माझा जीव आहे, म्हणून हे जास्त लागतं. घरी सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त मराठी पुस्तकं होती. रशियन माणूस दिलदार, सोसणारा, देवाशी भांडणारा, हे आम्ही रशियनांच्याच तोंडून ऐकलं. सोसणाऱ्या पोलंडला राष्ट्रांमधला ख्रिस्त मानणारा पोलिश कवी मित्स्कीयेविच आमच्या कपाटात नव्हता.

आणि मी तर कोल्हापूरचा! आमच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश राहिले, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरादारातून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१च्या पोलिश-सोव्हिएत करारानं सुटून ती इराणमार्गे आली. त्यांनी बराकींत शाळा काढल्या, चर्च उभं केलं, नाटकं बसवली. पुढं तिथंच सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर. पोलिश स्वभाव शोधायचा तर मी मोक्रोयेच्या आधी तिथं शोधेन.

पुढच्या महिन्यासाठी मी मित्स्कीयेविचचं ‘पान तादेऊश’ सुचवलं. परागंदा कवीनं १८३४ साली पॅरिसमध्ये छापलेलं हे पोलिश राष्ट्रकाव्य सुरू होतं ते लिथुएनियाला हाक घालून. त्यावरही वाद होईल, आणि व्हायला हवा.