बुडाकडून बघा

कृषी व्यवसाय व्यवस्थापन शिकून मी लेण्याद्रीच्या पायथ्याशी, गोळेगावच्या एका भाजीपाला संकलन केंद्रावर रुजू झाले. अनिश्चितता असते ती भावाची नि मागणीची, एवढं पाठ होतं. इथे मालाचाच भरवसा नाही. एकाच रानातला, एकाच तोड्याचा टोमॅटो. पण वीस किलोच्या कॅरेटमध्ये हिरवट, पिवळसर, तांबूस आणि पार लाल, सगळे शेजारी शेजारी. वहीत मात्र एकच रकाना: टोमॅटो.

निवड करणारे तात्या फळ उलटं धरायचे. ‘‘ताई, देठाकडून काय बघता? बुडाकडून बघा. रंग तिथून चढतो.’’ बुडाशी नुसती पिवळसर झाक असली तर दिल्ली. तांबूस झाला की मुंबई. पूर्ण लाल तो पुण्याला, आजच्या आज. मी नारायणगावच्या लिलावातला भाव विचारत बसायची आणि ते विचारायचे, ‘‘गाडी पोचणार कधी?’’

मग सगळाच माल थंड का करू नये? तर साधारण दहा-बारा अंशांखाली कच्चा टोमॅटो बरेच दिवस राहिला की नंतर धड पिकतच नाही. डाग धरतो, पिचका पडतो. म्हणजे शीतगृह हाही उपाय जपूनच वापरायचा.

2020 च्या उन्हाळ्यात तर रंगानेच दगा दिला, असं इथले शेतकरी अजून सांगतात. फळ अर्धं लाल, अर्धं पिवळं. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. तो झाडाचा रोग, माणसाला काही होत नाही. पण कोरोनाचे दिवस. आवई उठायची ती उठलीच. रंग बिघडला तर तोटा एका प्लॉटचा, नाव बिघडलं तर तालुक्याचा. हे मला कुठल्या तासाला शिकवलं नव्हतं.

टोमॅटो जरा कळतोय म्हणेपर्यंत द्राक्षं सुरू झाली, आणि त्यांचं तंत्र उलटं! टोमॅटो तोडल्यावरही पिकत राहतो, द्राक्षाची गोडी कात्री लागली की तिथेच थांबते. साखर मोजायला रिफ्रॅक्टोमीटर दिला, पण मणी कुठला घ्यायचा? उन्हातला घड गोडच लागणार. तात्या सावलीतल्या घडाच्या शेंड्याचा मणी काढतात. तो मापाला उतरला तर बाग उतरली. एवढं करून रात्री अवकाळी आला की मण्यांना तडे, आणि कालचं माप वाया.

आता माझ्या वहीत रंगाप्रमाणे रकाने आहेत. दिल्लीच्या गाडीत तांबूस माल थोडा तरी घालावा की नाही, यावर मात्र आमचं अजून जमत नाही. माझं म्हणणं, व्यापाऱ्याला पोचल्या पोचल्या विकायला काहीतरी हवं. आभाळ भरलं की तात्या तेवढाही काढून ठेवतात. ‘‘रस्त्यात गाडी अडकली तर?’’