पिकअपवरचा आळ

"काका, पिकअप गेलाय. नवीन टाकून द्या." आर्चटॉप गिटार घेऊन बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये येणारी मंडळी बहुधा निदान घरूनच करून येतात. मी आधी गिटार मांडीवर घेतो, केबल लावतो आणि ऐकतो. गिटार दुरुस्तीत माझी हयात गेली आहे आणि माझं मत ठाम आहे: अशा तक्रारींत पिकअप सहसा निर्दोष असतो. घाईनं तो बदलला, तर ज्या आवाजासाठी माणसानं ती गिटार घेतली तोच आवाज हातचा जातो.

आर्चटॉप म्हणजे व्हायोलिनसारखी फुगीर, एफ आकाराची भोकं असलेली पोकळ गिटार. गिब्सन कंपनीनं 1922 मध्ये एल-5 काढली, तेव्हा तिच्यात वीज नव्हती. बँडमधल्या ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे गिटार ऐकूच येईना, म्हणून 1936 मध्ये ईएस-150 पिकअपसह आली. चार्ली ख्रिश्चननं 1939 पासून बेनी गुडमनच्या ताफ्यात ती वाजवली आणि जॅझमधली गिटार बदलून गेली. त्याच चार्लीवर जीव ओवाळणारे जॅझ गिटारवादक कार्ल्टन किटो जन्माने इथलेच, बेंगळुरूचे. पुढे ते कोलकात्याचे झाले. ब्रिजभूषण काब्रांनी 'कॉल ऑफ द व्हॅली' या अल्बमच्या काळात मांडीवर आडवी घेऊन वाजवलेली गिटारही आर्चटॉपच, गिब्सनची सुपर 400. तेव्हा हे वाद्य आपल्या कानांना वाटतं तितकं परकं नाही.

आता मुद्द्याचं. मध्यंतरी एक तरुण आला. मूळचा कोल्हापूरचा, व्हाइटफील्डला नोकरी. गिटारला पी-90 पिकअप, 1946 मध्ये आलेल्या मूळ घडणीबरहुकूम बनवलेला. तक्रार अशी, की बी तार कानात ओरडते आणि खालच्या जाड तारा मेल्यासारख्या वाजतात. पिकअप कमजोर झालाय असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी तारांकडे पाहिलं. सोनेरी, लखलखीत, ब्राँझच्या!

"या कुणी चढवल्या?"

"मीच, काका. ॲम्पशिवाय फार गोड वाजतात."

वाजणारच. पण पी-90 च्या आत केसाइतक्या बारीक, सुमारे 0.06 मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे दहा हजारांच्या आसपास वेढे असतात आणि खाली दोन चुंबकपट्ट्या. हलणारं पोलाद चुंबकाचं क्षेत्र हलवतं, त्यातून कॉइलमध्ये वीज उमटते. ब्राँझला चुंबक विचारत नाही. त्यामुळे जाड तारांमधली फक्त आतली पोलादी तार पिकअपला दिसते, तर बी आणि वरची ई या अख्ख्या पोलादाच्या. असमतोल तिथूनच येतो. चार्ली ख्रिश्चनच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पिकअपलाही हा जाच होताच. पुढे त्याच्या पोलादी पात्याला बी तारेखाली खाच पाडली गेली. आम्ही निकेलचं वेष्टण असलेला बाराचा सेट चढवला, तिसरी तारही वेष्टणाची घेतली, आणि बीखालचा स्क्रू अर्धा फेरा खाली केला. पिकअपला त्याहून जास्त हात लावावा लागला नाही.

दुसरी मोठी तक्रार हमची, म्हणजे सततच्या गुणगुणीची. पी-90 एकाच कॉइलचा, तो थोडा गुणगुणणारच. गिब्सनच्या सेथ लव्हरनं दोन कॉइलचा हमबकर 1955 मध्ये घडवला तो याच त्रासापायी. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हममध्ये 50 आणि तिच्या पटी असतात. त्यातली 100 हर्ट्झ सहाव्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटच्या जीला जवळजवळ चिकटून बसते, म्हणून आपल्याकडे जीमध्ये बॅलड वाजवणाऱ्याला हा हम फार सलतो. मी तीन गोष्टी करून पाहायला सांगतो. गिटार धरून खुर्चीतच गोल फिरा. हम कमी-जास्त झाला तर तो बाहेरून येतोय. तारांना हात लावा; हात लावल्यावर आवाज घटला तर अर्थिंग ठीक आहे, वाढला तर वायरिंग तपासा. व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही हम तसाच असेल, तर पिकअपचा त्यात हात नाही, केबल, जॅक किंवा ॲम्प पाहा.

बाहेरचे गुन्हेगार घरातच असतात. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा त्यांतला म्होरक्या. तो पूर्ण वेगावर नेला की चरचर बरीच बसते. बेंगळुरूत लाइट गेली की इन्व्हर्टर चालू होतो, आणि स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर असला तर पी-90 वाजवणं अशक्य. एक मात्र बजावून सांगतो. अमेरिकेतून आणलेला 110 व्होल्टचा जुना ॲम्प दोन पिनांच्या ट्रान्सफॉर्मरवर चालवू नका. गिटारच्या तारा ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. अर्थ नसेल तर झटका थेट बोटांना.

आता केकाटण्याविषयी. मोठ्या आवाजात पोकळ अंग घुमायला लागून जाडसर 'हूऽऽ' येतो, तो पिकअपचा दोष नव्हे. ॲम्पपासून बाजूला सरका, एफच्या भोकांत फोमचा तुकडा बसवा. बारीक, टोचणारी किंकाळी आली तर मात्र कॉइलचे वेढे सैल असू शकतात. पिकअपच्या कव्हरवर नखानं टिचकी मारा. माइकवर मारल्यासारखी टकटक ॲम्पमधून आली, तर तेच. लोक लगेच मेणात बुडवा म्हणतात. जुन्या पिकअपच्या बाबतीत मी शक्यतो नाही म्हणतो. ही किंचित सैल कॉइल लाकडाची थोडी कुजबुजही उचलते, आणि जुन्या प्लॅस्टिकच्या बॉबिन गरम मेणात वाकतात.

पिकअप खरंच गेलाय का, हे गिटार न उघडता कळतं. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, जॅकमध्ये केबल घाला, दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. पी-90 असेल तर सात ते नऊ किलोओहम आले, की कॉइल जिवंत. पाचशे किलोओहमच्या आसपास आले तर तो आकडा व्हॉल्यूमच्या पॉटचा, म्हणजे कॉइल किंवा तिच्याकडे जाणारी वायर तुटली. गंमत म्हणजे तुटलेली कॉइलही बारीक, कोरडा आवाज देते, म्हणून लोक महिनोन्‌महिने टोनचं बटण फिरवत बसतात.

अशी गिटार उघडायची तर मागे झाकण नसतं. सगळं एफच्या भोकातून. तारा सैल करण्याआधी ब्रिजच्या दोन्ही बाजूंना टेप लावतो, कारण तो चिकटवलेला नसतो. प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधून पॉट आत सोडतो, म्हणजे काम झाल्यावर त्याच दोऱ्यानं तो आपल्या भोकातून वर ओढता येतो. पॉट आणि कपॅसिटर इथल्या एसपी रोडला मिळतात. कॉइल तुटली असेल तर बहुधा टोकाशी, डागाजवळ तुटलेली असते आणि तेवढीच जोडून भागतं. आतच तुटली असेल तर रिवाइंड करायचा. तार साध्या इनॅमलची, चुंबक, बेसप्लेट आणि कव्हर त्याच पिकअपचं. मग तारा चढवायच्या, ब्रिज टेपच्या खुणेवर बसवायचा आणि बाराव्या फ्रेटवर प्रत्येक तारेचा सूर पाहून झाल्यावरच टेप काढायची.