परीक्षा कोणाची?

भाषांतरकाराला क्वचित एखादा शब्द असा भेटतो की, काम संपले तरी तो पाठ सोडीत नाही. ‘परीक्षा’ हा माझ्या वाट्याला आलेला असा शब्द आहे.

काही वर्षांपूर्वी एका लेखाच्या भाषांतरात, ‘नव्या करारा’तील एका ग्रीक शब्दापाशी मी अडखळलो. कसोटी आणि मोह हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात नांदतात. मी ‘परीक्षा’ लिहिले व पुढे गेलो. त्याच सुमारास आमच्या शेजारच्या वहिनींचा चार वर्षांचा मुलगा तापाने गेला. समाचाराला गेलो असता मी म्हणालो, “वहिनी, देव परीक्षा पाहतो.” त्यांनी शांतपणे विचारले, “कोणाची, भावोजी? माझी की बाळाची?”

मजपाशी उत्तर नव्हते. मी जन्माने ख्रिस्ती नाही. तरी त्या रात्री बायबलमधील ईयोबाचा ग्रंथ काढून बसलो. दहा अपत्ये गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री अवाक्षर न बोलता जमिनीवर बसून राहिले. पुढे ते बोलू लागले, आणि दुःख हे पापाचेच फळ असे त्याला पटवू लागले. ग्रंथाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो या उपदेशकांवर. देवाशी वाद घालणारा ईयोबच यथार्थ बोलला, असा निर्वाळा मिळतो. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारले तेव्हा येशूनेही त्याला किंवा त्याच्या मातापित्यांना दोष दिला नाही. ख्रिस्ती श्रद्धेतला देव परीक्षकाच्या खुर्चीत बसून राहत नाही. क्रूसावर तो स्वतःच वेदना सोसतो.

या श्रद्धेने माणूस काय करू शकतो, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. १८७४ साली दुष्काळात आईवडील गेले, १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. पुढे केडगावी त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी ते काम थांबले नाही. १९२२ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत त्या त्यातच होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शेजारी गेलो. या खेपेस काही बोललो नाही. ओसरीवर नुसता बसून राहिलो. बाळाची लाकडी गाडी कोपऱ्यात तशीच होती. दिवेलागणीला उठलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “उद्याही या.”