टायगरचे पान

सकाळी उर्दू शाळेत मुले आणि दुपारनंतर बीड बायपासच्या पलीकडे एका डॉग हॉस्टेलात कुत्री, अशी आमची दुहेरी नोकरी २०१७ साली सुरू झाली. (शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत; छत्रपती संभाजीनगर ते २०२३ मध्ये झाले.) आम्ही म्हणजे एकटेच. उर्दूतल्या ‘हम’ची सवय मराठीतही सुटत नाही. बी.एड. करून विनाअनुदानित शाळेत लागलो होतो. पगार असा, की महिन्याच्या एक तारखेला घरमालकाची नजर चुकवावी लागे.

अम्मीने कपाळावर हात मारून घेतला. मोहल्ल्यात विचारणा सुरू झाली, “सर, नमाजचं काय करता?” मौलानासाहेबांनी तो गुंता सोडवला. आपण हनफी, कुत्र्याच्या कोरड्या अंगाला हात लागला तर हरकत नाही, लाळ लागली तर कपडा धुवायचा. कोकणातल्या शाफई भावांना मात्र सात वेळा धुवावे लागते, त्यात एकदा मातीने. आमच्याकडे तेव्हा नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचे, त्यामुळे हनफी असल्याचा आनंद जरा जास्तच झाला. पत्र्याच्या पेटीत कामाचे कपडे वेगळे ठेवू लागलो.

कुत्र्यांची सवय महिनाभरात झाली. मालकांची अजून व्हायची आहे. एका बाईंनी आमचे नाव ऐकले आणि हातातली साखळी मागे ओढली. “पण तुमच्यात कुत्रा चालत नाही ना?”

“चालत नाही बाई, पळतो,” आम्ही म्हणालो. त्या हसल्या, पग ठेवून गेल्या आणि चार दिवसांत तीसेक फोन केले. जेवला का, झोपला का, माझी आठवण काढतो का? शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे हे बी.एड.ला शिकवत नाहीत.

फोन करणारे परवडले. लपवणारे महागात पडतात. “चावत नाही हो, खेळतो,” असे सांगून गेलेल्या एका साहेबांच्या जर्मन शेफर्डने आमच्या मनगटावर चार दात उमटवले. पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरला, मग घाटीत जाऊन रेबीजची लस घेतली. लसीचे कार्ड मागितले तेव्हा साहेब उलट आमच्यावरच रागावले. दुसऱ्या एकाचा कुत्रा तिसऱ्या दिवशी तापाने फणफणला. ‘तुमच्याकडच्या गोचिडांनी केलं’ म्हणून मालकाने फाटकात तमाशा केला. गोचीड चावल्यावर तो ताप चढायला आठवडा ते तीन आठवडे लागतात, म्हणजे गोचीड घरूनच आलेला. पण हे ऐकून कोण घेतो? कुणी वाढदिवसाला चॉकलेटचा केक पाठवतो, जो कुत्र्याला विषासारखा. कुणी मे महिन्यात हस्की आणून सोडतो आणि वर म्हणतो, “एसीचे पैसे वेगळे का?” कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, बाकी सगळी उष्णता त्याने धापा टाकून बाहेर काढायची. बेचाळीस डिग्रीत तो बर्फातला जीव कसा तगायचा?

एका गृहस्थांना आमच्या रजिस्टरचा संशय आला. नोंदी आम्ही उर्दूत करतो, हात तिकडेच वळतो. “यात काय लिहिता कुणास ठाऊक,” ते म्हणाले. मग त्यांची नोंद मराठीत करून, वाचून दाखवून, खाली सही घेतली.

टायगरच्या मालकांनी यातले काहीच केले नाही. २१ मार्च २०२० ला आले. शांत माणूस. कार्ड दिले, चार दिवसांचे पैसे आगाऊ मोजले आणि “पुण्याहून आलो की नेतो” म्हणाले. २५ तारखेपासून देश बंद झाला. एप्रिलभर ते फोन करीत राहिले, नंतर फोन बंद. आमची गल्ली कंटेन्मेंट झोनमध्ये गेली आणि आम्ही हॉस्टेलवरच अडकलो. रोजा ठेवून भाताबरोबर कोंबडीची पायटी शिजवायची, आणि चव न बघता टायगरपुढे ठेवायची. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की तो जेवण सोडून फाटकाशी जाई. त्या रमजानात आम्ही त्याच्या मालकाला फार शिव्या दिल्या. जनावर टाकून देणे गुन्हा आहे, हे १९६० च्या कायद्यात शोधून काढले; पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. दंड वाचून आणखी चिडलो. टायगरच्या पानावर रोजचा खर्च मांडत गेलो आणि एका रात्री मालकाच्या नावापुढे लिहिले, ‘दगाबाज’.

ऑगस्टमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला. “सर, टायगर आहे का अजून?” मालकांची बायको होती. साहेब मे महिन्यात पुण्याच्या दवाखान्यातच गेले. त्यांचा फोन सामानाबरोबर कुठे गेला, तो मिळालाच नाही. आमचा नंबर त्यातच होता. हॉस्टेलचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. साताऱ्यापासून विचारत विचारत इथवर आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. टायगर आधी त्यांच्या मागे, रस्त्याकडे बघत राहिला, मग जवळ गेला. त्यांनी पर्स उघडली आणि विचारले, “किती झाले, सर?”

आम्ही रजिस्टर काढले. पान उघडेपर्यंत लक्षात आले नाही. त्या वाकून आकडे बघत होत्या. उर्दू त्यांना येत नव्हते, तरी त्या शब्दावर आम्ही अंगठा ठेवला आणि बेरीज होईपर्यंत उचलला नाही.