नाव घालणे

आमच्या घरी दोन मोबाइल आहेत नि दोन्ही काळे आहेत. एक माझा, एक सौ.चा. ‘जोडी घेतलीत तर स्वस्त पडेल,’ असे दुकानदार म्हणाला आणि किमतीपुढे विचार थांबवण्याची माझी जुनी सवय असल्यामुळे मी हो म्हणून टाकले. टेबलावर उपडे ठेवले म्हणजे त्यांतला कोणता कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

श्रावणातली गोष्ट. सकाळी फिरायला निघताना मी तिचा फोन खिशात टाकला. सारसबागेपाशी पोचतो तो फोन वाजला. चष्मा घरी राहिलेला, त्यामुळे कोणाचा आहे ते न पाहताच उचलला. पलीकडून एका बाईने मोठ्या लगबगीने एका नावाची चौकशी केली. तीन अक्षरांचे साधे नाव.

“या नावाचं इथं कोणी नाही. राँग नंबर,” मी म्हणालो आणि फोन बंद केला. तो पुन्हा दोनदा वाजला. मी उचलला नाही. अशा लोकांना उत्तेजन देऊ नये असे माझे मत आहे.

रात्री उलगडा झाला. ती बाई सौ.ची मिरजेच्या शाळेतली मैत्रीण. मुलाकडे कायमची राहायला निघाली होती, आणि पुणे स्टेशनवर दोन गाड्यांच्या मध्ये तिला तीन तास मिळाले होते. ते तीन तास तिने बाकावर बसून काढले. तिने विचारलेले नाव सौ.चे माहेरचे नाव होते.

त्या नावाची मला ओळख नव्हती असे नाही. आमच्या लग्नपत्रिकेवर ते छापलेले होते. सौ. रागावेल असे मला वाटले; रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “नंबर बरोबर होता,” आणि ताटे घ्यायला आत गेली.

तुमच्यापैकी ज्यांची लग्ने जुन्या रीतीने झाली असतील त्यांना ते ताट आठवत असेल. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेवाच्या हाती सोन्याची अंगठी देतात आणि तिने त्याने तांदळावर बायकोचे नवे नाव लिहायचे. १९७३ च्या वैशाखात मी असे एक नाव लिहिले. ते दोन महिने आधीच ठरवून ठेवले होते. कॉलेजात असताना वाचलेल्या एका कादंबरीतल्या नायिकेचे ते नाव. मुलीला विचारले होते काय? छे! ते गुपित ठेवण्यातच मौज असे. सगळ्यांनी वाकून वाचले, वाहवा केली, पेढे वाटले गेले. मग कोणीतरी ताट उचलले, तांदूळ एका बाजूला घसरले नि नाव मोडले. पण तोवर ते पक्के झाले होते. पुढे ते रेशनकार्डावर चढले, बँकेच्या पुस्तकावर चढले, आधारकार्डावर चढले. जुने नाव उरले ते शाळेच्या दाखल्यावर आणि एका फुलपात्रावर.

फोनच्या घोटाळ्यावर तोड काढली ती नातीने. ती कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. “आजोबा, दोन्ही फोनना स्किन लावून घ्या,” ती म्हणाली. स्किन म्हणजे कातडे एवढे मला ठाऊक होते. फोनला कातडे ही कल्पना प्रथम जरा किळसवाणीच वाटली.

पण प्रकार साधा आहे. व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकचा कागदासारखा पातळ पापुद्रा, त्याला मागून डिंक. हा डिंक भिजवायला नको, तापवायला नको. बोटाने दाबला की धरतो. असली आयती चिकटणारी लेबले अमेरिकेत स्टँटन एव्हरी या गृहस्थाने १९३५ साली बाजारात आणली. त्यांच्याच वंशातले हे कातडे. जपानात १९९५ मध्ये आपले छायाचित्र घटकेत स्टिकरवर छापून देणारी यंत्रे निघाली, तेव्हा तिथल्या शाळकरी मुली ती चित्रे वह्यांवर नि पुढे फोनवरही चिकटवू लागल्या. १९९८ च्या नोकिया ५११० या फोनचा दर्शनी पत्राच बदलता येई. आमच्या चिरंजीवांनी तो लाल, पिवळा, निळा करून पाहिला होता. माणसाला चारचौघांकडे आहे तीच वस्तू हवी असते, आणि ती चारचौघांच्यासारखी दिसू नये असेही वाटत असते.

आमच्या आयांपुढे हाच प्रश्न भांड्यांच्या बाबतीत असे. कार्याला शेजारपाजारची पातेली एकत्र होत, म्हणून भांड्यांवर नावे घालून घेत. नावे घालणारा अंगणात बसे आणि बारीक छिन्नीने टक्‌ टक्‌ करीत ठिपक्याठिपक्यांतून अक्षर उठवी. घरात जिच्या हाती ते भांडे अष्टौप्रहर असे तिचे नाव मात्र त्यावर क्वचितच दिसे. असे ते बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाचे.

तर एके दिवशी आम्ही तिघे बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. हातरुमालाएवढे दुकान, त्यात विशीतला एक मुलगा. त्याने नमुने दाखवले: संगमरवर, वाघाचे पट्टे, राजमुद्रा, विठोबा, फुले, कवट्या. मी सागवान पसंत केले. लाकूड नव्हे, लाकडाचे चित्र; पण रेषा झकास होत्या.

“आजी, तुम्हाला काय? फोटो टाकता येईल, नाव टाकता येईल.”

“नाव,” सौ. म्हणाली.

“कोणतं टाकू?”

तिने सांगितले. नातीने आधी आजीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी समोर टांगलेल्या चार्जरांच्या किमती वाचण्यात गढून गेलो होतो.

“वेलांटी पहिली का दुसरी?” मुलाने विचारले.

“दुसरी.” अकरा वर्षे वह्यांवर जे नाव लिहिले त्याची वेलांटी सांगायला तिला क्षणही लागला नाही.

मग त्याचे काम पाहत उभे राहण्यात वेळ कसा गेला ते कळले नाही. नाव छापून निघाले, वर पारदर्शक थर बसला. कापायच्या यंत्रात त्याने फोनचा नमुना निवडला. बारीक पाते तुरुतुरु धावले आणि कॅमेऱ्याच्या भोकासकट पाठ नेमकी कापून निघाली. फोन त्याने स्पिरिटने पुसला. कॅमेऱ्याच्या कडेला वाळलेली कणीक होती, ती काडीने काढली. एका कडेने पापुद्रा टेकवून रबरी पट्टीने हवा बाहेर सारीत तो दुसऱ्या कडेला गेला. कोपरे शेवटी. तिथे केस वाळवण्याच्या यंत्राचा गरम झोत धरायचा. व्हिनाइल मऊ पडते, गोलाईवर बसते, निवले की तसेच राहते. माझ्या सागवानाच्या वेळी मला राहवेना. “जरा ओढून बसव,” मी म्हणालो.

“ओढायचं नाही, आजोबा. ओढून बसवलं की ते नंतर मागं जायला बघतं. मग कोपरा सुटतो.” नंतर सौ.चा फोन तिच्या हाती देत म्हणाला, “नको झालं तर गरम करून काढा, आजी. खाली फोन आहे तसाच राहतो.”

काळ्यावर पांढरी तीन अक्षरे. रिक्षात बसल्यावर तिने फोन पदराने पुसला. पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते.

घरी आल्यावर मी ते फुलपात्र काढले. काढले म्हणजे काय, रोज सकाळी मी त्यातूनच कोमट पाणी पितो. ती चौथीत पहिली आली तेव्हा तिच्या वडिलांनी नाव घालून दिलेले. चिंचेने घासूनघासून ठिपके झिजले आहेत. तिरपे धरले तरच दिसतात. वेलांटी दुसरीच होती.

आता फोनांची अदलाबदल होत नाही. मैत्रिणीशी तिचे दर रविवारी तास तास बोलणे चालते. मला जुन्या नावाने हाक मारा असे काही ती म्हणाली नाही, म्हणणारही नाही. पण गेल्या आठवड्यात, घरात दुसरे कोणी नाही असे पाहून, मी बाहेरच्या खोलीतून त्या नावाने हाक मारली. पहिल्यांदा आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा मारली. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. ओले हात पुसत सौ. बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता सरळ दाराकडे गेली.

“कोण आलंय हो?” तिने विचारले.